अडगळीच्या खोलीचं उत्खनन

४ जानेवारी

आज कुलसचिवांनी स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयाचा मी बरीच वर्षं प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे मी, एक पेंगणारा पहारेकरी आणि कपाटं भरून मडकी. इतक्या वर्षांत त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसरा घोट घेतल्यावर म्हणाले, "तुमचं दालन परीक्षा विभागाला द्यायचं ठरतंय. मुळात ते त्यांचंच होतं म्हणे. तुमची मडकी नंतर येऊन बसली."

मी म्हटलं, "संग्रहालय पहिल्यापासून तिथेच आहे."

"कागद आहे?"

कागद नाही. ज्यांनी संग्रहालय उभं केलं ते आमचे मोठे सर कागदाचे वैरी होते. जे काही थोडं लिहून ठेवलं होतं, त्याचा छतावरची टाकी फुटली तेव्हा लगदा झाला. नियम असा, की दालन पन्नास वर्षांहून जास्त काळ संग्रहालय म्हणून वापरात असेल तर तो वारसा. त्याला कोणी हात लावायचा नाही. समिती पुढच्या महिन्यात बघायला येणार. तोवर संग्रहालयाचा इतिहास लिहून द्या, पुराव्यासकट. नाहीतर मडकी खोक्यात आणि मी उपकेंद्रावर. तिथे जायला सकाळची बस धरली तर संध्याकाळी पोचतो.

घरी सांगितलं. ही मोटार चालवायला शिकवते. नुकतीच दुसरी गाडी घेतली, फाटकावर नवी पाटी लावली. मला वाटलं घर डोक्यावर घेईल. पण ही फक्त "बघू" म्हणाली आणि गाडीला तेल घालायला गेली. नवऱ्याच्या आयुष्यात भूकंप झाला तरी काही माणसं तेल घालत बसतात.

सासूबाई मात्र कळवळल्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे त्या आपलं घर मोडून, पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आहेत. "जावईबापू, मी काय आता ट्रंक घेऊन गावोगाव हिंडू? आत्ताशी कुठे इथल्या खिडकीची सवय होतेय."

६ जानेवारी

रात्री झोप नाही, पण सकाळी दात घासताना युक्ती सुचली. कागद नसेल तर पुरातत्त्वज्ञ काय करतो? खणतो!

दालनाच्या मागे अडगळीची खोली आहे. संग्रहालयाने आजवर जे जे टाकून दिलं ते सगळं तिथे छताला टेकलंय. वरचं नवं, खालचं जुनं, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. मी ती खोली थराथराने खणणार. ढिगाची पाठ मागच्या दाराला टेकलेली आहे. ते दार व्हरांड्यात उघडतं, म्हणजे एके काळी उघडायचं. आता बिजागऱ्या गंजून बसल्यात, म्हणजे त्या बाजूने थरांना धोका नाही.

दोऱ्या ताणून चौकोन आखत होतो तेवढ्यात विद्यापीठाचे अभियंता आले. त्यांच्या पट्ट्याला मोजण्याची फीत लटकलेली असते, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना फीतवाले म्हणतो. दालन मोजायला आले होते.

"हे काय, वाळवणाच्या दोऱ्या?"

"उत्खनन."

"अहो, चार माणसं देतो, एका दुपारी खोली साफ. तुम्ही ब्रशने कधी संपवणार?"

मी म्हटलं, घाईने खणणारा चोर असतो. त्यावर ते हसले आणि भिंत मोजू लागले.

९ जानेवारी

थर पहिला: परिसंवादांचे फलक. सगळ्यांवर "राष्ट्रीय" लिहिलेलं, आलेले मात्र सगळे याच इमारतीतले.

थर दुसरा: बंद पडलेले संगणक. एकाच्या पोटात उंदराचं घरटं, आणि त्यात माझ्याच एका शोधनिबंधाची पानं. कोणीतरी त्याचा उपयोग केला हे पाहून बरं वाटलं.

दुपारी ही डबा घेऊन आली. शिकाऊ माणूस गाडीत बाहेरच बसवून ठेवला होता. मी हिला थर समजावून सांगत होतो, पण हिचं लक्ष मागच्या दाराकडे. "हे उघडत नाही का हो?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. जाताना विचारलं, "किल्ल्या आहेत ना, की हरवल्या?" आहेत. मी हरवतो म्हणून एक जुडगा कायम हिच्याकडे असतो.

१३ जानेवारी

आज फीतवाल्यांशी खडाजंगी. दालनाच्या मध्ये जे अवाढव्य कपाट आहे ते चार माणसं लावूनही हलेना, म्हणून ते माझ्यावर डाफरले.

"याच्या पायांभोवती फरशी कापून बसवलीये. कपाट काढलं की खाली नुसती माती, खड्डाच पडणार! आणि या फळ्यांना थाळीएवढी भोकं कसली?"

"मडकी बुडाला गोल असतात. भोकात ठेवली तरच उभी राहतात."

"आणि आम्ही उत्तरपत्रिका कशा ठेवायच्या? गुंडाळी करून खोचायच्या?"

"तो तुमचा प्रश्न."

"आणि फरशी अशी का कापली?"

"ते गवंड्याला विचारा!" असं म्हणून मी अडगळीच्या खोलीत निघून आलो. इथे इतिहास खणायचा चाललाय आणि या गृहस्थाला फरशीची पडली आहे.

१५ जानेवारी

थर तिसरा: खुर्च्या. आणखी काही नाही. खुर्च्या.

१७ जानेवारी

नाउमेद झालो आहे. थर चौथा उचलला तरी सगळं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं. आता तळाचा एकच थर राहिला.

जेवताना मन मोकळं केलं. म्हटलं, एखादं जुनं वर्तमानपत्र सापडलं तरी जग जिंकलं. त्यावर तारीख छापलेली असते, वाद मिटतो.

सासूबाईंनी शब्दकोड्यातून डोकं वर काढलं. "कुठल्या सालचं लागेल?"

"पन्नास वर्षांमागचं कुठलंही."

"आणि वर सापडून चालेल, की खालीच हवं?"

"अगदी तळाला हवं, आई. वर सापडलं तर कोण विचारतो!"

"नुसतं वर्तमानपत्र चालेल, की सोबत काही वस्तू लागते?"

"वस्तूला गुंडाळलेलं असेल तर सोन्याहून पिवळं."

ही मध्येच म्हणाली, "आणखी वाढू का?" सासूबाईंना या विषयात इतकी गती असेल असं वाटलं नव्हतं. लेकीने ती उचलली नाही, हे माझं नशीब.

२० जानेवारी

तळाच्या थराला हात घातला आणि पहिल्याच झटक्याला यश! मागच्या दाराजवळ दगडी बत्ता मिळाला. काळा, गुळगुळीत, एका बाजूने झिजलेला, म्हणजे दीर्घकाळ वापरातला.

तिथेच लाल मुठीचा पेचकस सापडला, जवळजवळ नवा. तो या थरातला असणं शक्य नाही. बिळातून वस्तू वरखाली होतात, हा आमच्या क्षेत्रातला नेहमीचा ताप. नोंद केली: "घुसखोर वस्तू. उंदराचं काम असावं."

आणखी एक. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना कोणीतरी तेल दिलंय. जमिनीवरही दोन ठिपके होते. विद्यापीठाचा देखभाल विभाग न सांगता काम करतो हे प्रथमच पाहिलं. आभाराचं पत्र पाठवलं.

घरी आलो तर ही पेल्याच्या बुडाने मिरी कुटत होती. म्हटलं, बत्ता कुठे गेला? "असेल इथेच कुठेतरी," म्हणाली. आमच्या घरात वस्तू जागेवर ठेवायची शिस्तच नाही.

२३ जानेवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही.

तळाच्या थरात, भिंतीलगत, चिनीमातीची बरणी. वरून तपकिरी, खाली पांढरी, झाकण नाही, तोंडाच्या कडेचा एक टवका उडालेला. आणि ती गुंडाळलेली होती वर्तमानपत्रात. तारीख स्पष्ट आहे. त्रेपन्न वर्षांपूर्वीची!

मी ओरडलो. पहारेकरी जागा झाला, त्यावरून किती मोठ्याने ओरडलो ते कळावं.

त्या पानावरचं शब्दकोडं जांभळ्या शाईने सोडवलेलं आहे, शेवटचे दोन शब्द सोडून. मोठ्या सरांना कोड्यांचा नाद होता, हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. चरित्राला नवा पैलू.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी कोड्याचं सांगितल्यावर म्हणाल्या, "शेवटचे दोन अडलेच असतील. अवघड होते." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? म्हणाल्या, "शेवटचे दोन नेहमीच अवघड असतात." खरं आहे. कोडी सोडवणाऱ्याच्या मनाचं हे उत्तम निरीक्षण आहे.

हिला सारख्या शिंका येत होत्या, त्यामुळे धड अभिनंदनही करता आलं नाही.

२७ जानेवारी

इतिहास झपाट्याने लिहून होतोय. आज मोठ्या सरांवरचं प्रकरण झालं. ते अविवाहित होते. बत्ता आणि बरणी या दोन वस्तूंवरून मी असं मांडलंय, की सुरुवातीच्या काळात ते संग्रहालयातच राहत, स्वतः मसाला कुटत, आणि जेवणानंतर कोडं सोडवत. एकाकी, स्वावलंबी, तल्लख असा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. 

हिला वाचून दाखवलं. ही एकदम उठून आत गेली. खांदे हलत होते. इतक्या वर्षांत माझं लिखाण हिच्या काळजाला प्रथमच भिडलं.

१ फेब्रुवारी

झाकण बसलं.

२ फेब्रुवारी

काल यापुढे लिहवेना. आज लिहितो.

काल सकाळी चहा करायला गेलो. दुधाच्या पातेल्यावर चिनीमातीचं तपकिरी झाकण होतं. ते पातेल्याला लहान पडतं, दुधात बुडतं. पंधरवडाभर ते असंच बुडत होतं आणि मी रोज बोटाने बाहेर काढत होतो. काल मात्र त्याच्या कडेकडे नजर गेली. एका जागी टवका उडालेला.

माझं निम्मं आयुष्य खापराला खापर जोडण्यात गेलंय. दोन तुकडे एका भांड्याचे असतील तर ते हाताला कळतं, डोळ्यांच्याही आधी. झाकण धुऊन खिशात घातलं, संग्रहालयात गेलो, बरणीवर टेकवलं, जरासं फिरवलं. टवक्याला टवका लागला. एकाच आपटण्यात दोन्हीकडचे उडाले होते. टक् असा आवाज झाला. हा आवाज ऐकायला माणसं जन्मभर उन्हात बसतात. मी झाकण उचलून परत खिशात घातलं.

३ फेब्रुवारी

आज बोललो. बरणी टेबलावर ठेवली, झाकण शेजारी.

"आई, ही बरणी तुमची?"

"छे! ती तर मोठ्या सरांची ना?"

"झाकण आपल्या दुधावर होतं."

सासूबाईंनी झाकणाकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं. "मी सांगितलं होतं झाकणही..." असं काहीतरी पुटपुटल्या, मग मान ताठ केली. "ठेवली मीच. माझ्या लग्नातली बरणी आहे. कागद माझ्या ट्रंकेच्या तळाचा. त्यात खोटं काय आहे? बरणी खरी, कागद खरा, तारीख खरी. खोली तेवढी चुकली."

"आई, तू?" असं म्हणून हिने कपाळाला हात लावला. बिचारीला आईच्या उद्योगांचा पत्ताच नव्हता.

मी म्हटलं, "पण तुम्हाला खाली वाकता येत नाही. तळाच्या थरात कशा पोचलात?"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे. "मनात आणलं की गुडघेही ऐकतात, जावईबापू."

या वयात केवढी जिद्द! रागावलो होतो, तरी मनात कौतुक वाटलंच.

ही म्हणाली, "अहो, पण समितीतल्या कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तुम्हालाही कळायला पंधरा दिवस लागलेत. त्यांना किती लागतील?"

"खणलेल्या जागेत बाहेरची वस्तू पेरणं म्हणजे आमच्यात... एखाद्याला परवाना परीक्षेशिवाय देण्यासारखं आहे!"

हे मात्र हिला पटलं. परवान्याच्या बाबतीत ही फार कडक आहे. झाकण पुसत म्हणाली, "मग पाटी उतरवायची का?" आवाज अगदी साधा होता. फाटकावरची नवी पाटी. 

५ फेब्रुवारी

खरं लिहितो: दोन दिवस मोह झाला. मोठ्या सरांवरचं प्रकरण चार वेळा वाचलं. इतकं चांगलं मी पुन्हा लिहिणार नाही. सगळं खोटं आहे हीच एक अडचण.

शेवटी ते प्रकरण फाडलं आणि मडकी बांधायला घेतली. पहिलं मडकं भोकातून उचललं, खोक्यात ठेवलं, आणि कपाटाला पाठ टेकवून जमिनीवर बसलो. इतक्या वर्षांत मी या दालनात जमिनीवर कधी बसलो नव्हतो. समोर कपाटाचा पाय होता. फरशी पायापर्यंत येऊन थांबलेली, बारीक कापलेली, कडेने चुना भरलेला. खाली वाकून पाहिलं. कपाटाखाली फरशीच नाही.

विद्यार्थी म्हणून आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी सांगतो: फरशी भिंतीला येऊन भिडली, तर भिंत आधीची, फरशी नंतरची. पन्नास गावांत जाऊन मी हे ओरडलो आहे. आणि माझ्या स्वतःच्या दालनात, फीतवाले भर दुपारी माझ्या कानाशी ओरडत होते तेव्हा मी त्यांना गवंड्याकडे पाठवलं!

मडकं खोक्यातून काढून परत भोकात ठेवलं.

९ फेब्रुवारी

समिती आली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई. चष्म्यावरून बघतात, आणि त्यांनी बघितलं की माणसाला आपण काय केलं ते आठवू लागतं.

मी सुरुवातीलाच बरणी पुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. हा पुरावा होता, तो खोटा निघाला, मागे घेतो. ही आणि सासूबाई दाराशी उभ्या होत्या. सासूबाईंनी यायचा हट्टच धरला.

न्यायाधीशबाईंनी झाकण उचललं, बरणीवर फिरवून बसवलं. टक्. "छान बसतं," म्हणाल्या. "पेरली कोणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

न्यायाधीशबाईंनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, मग हिच्या बाहीवरच्या तेलाच्या डागाकडे. ही शिंकली. "हं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तो विषय सोडा. दुसरं काही आहे?"

मी फीतवाल्यांना म्हटलं, "तुमची त्या कपाटाबद्दल काय तक्रार होती, ती जरा सांगा."

ते भडाभडा बोलले. कपाट हलत नाही, खाली माती, फरशी कापलेली.

"फरशी कधीची?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"इमारतीबरोबरची. उद्घाटनाचा दगड जिन्यापाशी आहे. छप्पन्न वर्षं झाली. त्यानंतर फरशी बदलायला इथे कोण मंजुरी देतंय?"

"म्हणजे फरशी बसवली तेव्हा कपाट इथे होतं."

"असणारच. गवंड्याने आळस केला, हलवलं नाही."

"आणि त्या भोकांत परीक्षा विभाग काय ठेवत असेल?"

"तेच तर मी म्हणतोय, काहीच राहत नाही! मडक्याशिवाय त्या कपाटात काही..." इथे फीतवाले थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. फीत आपोआप सर्रकन आत गेली.

 मोठ्या सरांनी काय केलं होतं ते आता मला लख्ख दिसत होतं. त्यांनी फरशी बसायचीही वाट पाहिली नव्हती. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते कपाट आणून ठेवलं होतं.

न्यायाधीशबाई उठल्या. "गवंड्याच्या आळसाला इतकी वर्षं झाली, की त्याला पुरावाच म्हणतात," असं म्हणाल्या आणि जाताना सासूबाईंपाशी थांबल्या. "आजी, पुढच्या वेळी झाकण विसरू नका."

"मी नाही विसरले," सासूबाई म्हणाल्या. "मी तर..." ही पुन्हा शिंकली, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही.

१६ फेब्रुवारी

पत्र आलं. दालन वारसा. परीक्षा विभाग दुसरीकडे. फीतवाले चहाला आले होते. जाताना कपाटाच्या पायावर हळूच थाप मारून गेले.

ही फाटकावरची पाटी पुसत होती. मी म्हटलं, "बघ, शेवटी सत्याचाच विजय झाला." ही म्हणाली, "झाला खरा. पण त्याला जरा धक्का द्यावा लागतो, गाडी सुरू होत नसली की देतात तसा." हिच्या उपमा सगळ्या मोटारीतल्या.

२४ फेब्रुवारी

बरणी सासूबाईंनी संग्रहालयाला देऊन टाकली, झाकणासकट. इतिहासाच्या शेवटच्या प्रकरणात तिला जागा दिली. खाली पाटी लावली: "पुरावा कसा नसावा याचा नमुना." सासूबाई दुपारी तिथे खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिची गोष्ट सांगतात. गर्दी वाढली आहे. पहारेकऱ्याची झोप गेली.

बत्ता घरी परत आणला. लाल मुठीचा पेचकस कोणाचा ते मात्र कळलं नाही. देखभाल विभागाला विचारलं. ते म्हणतात, त्यांच्याकडून कोणी आलंच नव्हतं, आणि माझं आभाराचं पत्र त्यांनी मढवून भिंतीवर लावलंय. ही म्हणाली, "कोणाचा नसेल तर द्या इकडे, गाडीत उपयोगी पडेल." देऊन टाकला. हिने तो न बघता गाडीतल्या अवजारांच्या डब्यात, रिकाम्या खाचेत बरोबर बसवला. पेचकसांची हिला चांगलीच पारख आहे.

उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचंय. जानेवारीपासूनच्या शिंका थांबत नाहीत. डॉक्टर म्हणतात, जुनी, साठलेली धूळ नाकात गेली असावी. काहीतरीच! दिवसभर गाडीत बसणाऱ्या बाईला जुनी धूळ कुठून मिळणार?